नमिताच्या रेषा

करिमुन्निसा बाई जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्यांचे पती बदरुद्दीन गेले. मुलगा तबरेज आणि सून सबिहा, दोघंही नोकरीला. बेलापूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी एकदा दार लागलं की बाईंशी बोलायला कोणी उरायचं नाही. मासळी घेऊन येणारी, जवळच्या दिवाळे गावची गोजरा तेवढी घटकाभर टेकायची. पंच्याण्णव साली एकदा बोंबील साफ करता करता तिनं सांगितलं, की तिच्या नमिताला मणक्याचा क्षय झालाय. पोर छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये उताणी पडून असते. शाळा सातवीतच सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई डोक्यावर पदर घेऊन चालत दिवाळ्याला गेल्या.

नमिता तेरा-चौदा वर्षांची. विचारलं तेवढंच बोलायची. बाईंनी पहिले काही दिवस पुस्तक उघडलंच नाही, नुसतं तिला बोलतं केलं. पोर पडल्या पडल्या हाती येईल ते वाचत होती, मासळी गुंडाळायला आणलेली रद्दीसुद्धा. त्यामुळे मराठी चांगलंच पुढे गेलेलं. इंग्रजीचे मात्र वांधे होते.

तिचे वडील नामदेव. नव्या शहरासाठी शेत सिडकोत गेल्यावर त्यांनी घरामागे खोल्या काढून भाड्याने दिल्या होत्या. एकदा दारातूनच त्यांनी विचारलं, "बाय, पोर कितवीन हाय आता?"

"मराठीत नववीत, विज्ञानात सातवीत, इंग्रजीत पाचवीत," बाई म्हणाल्या.

नामदेवांना हे काही पटेना. एकच पोर एवढ्या इयत्तांत कशी असेल? मग बाईंनी खाटेशेजारच्या भिंतीवर खडूने आडव्या ओळी आखल्या, खाली पाचवी आणि वर दहावी. त्यांवर प्रत्येक विषयाची वेगळ्या रंगाची उभी रेषा काढली. उताणं पडून लिहिता येत नसल्यामुळे दर शनिवारी तोंडी परीक्षा व्हायची, आणि जो विषय पुढे सरकला असेल त्याची रेषा बाई नमितादेखत वाढवायच्या. दिवाळीला घराला रंग दिला तेव्हा गोजरानं भिंतीचा तेवढा तुकडा सोडून दिला. तिला अक्षरओळख नव्हती, पण बाजारातून आली की टोपली खाली ठेवायच्या आधी ती भिंतीकडे बघायची.

वर्ष सरलं. इंग्रजीसुद्धा रखडत रखडत वर चढलं. गणित मात्र आठवीवर अडलं ते अडलंच. बाईंनी उदाहरणं सोपी करून पाहिली, मागचं सगळं पुन्हा घेतलं. नमिता चुकतच राहिली. आपलंच शिकवणं कमी पडतंय, असं बाईंना वाटायला लागलं.

एका दुपारी त्या दाराशी पोचल्या, तर आत भाडेकरूंची वैशाली वही घेऊन बसलेली. ती नववीत होती. तिचं अडलेलं समीकरण नमिता छताकडे बघत तोंडी सोडवून सांगत होती. कुठे अडखळणं नाही, चुकणं नाही. बाई उंबऱ्याशीच थांबल्या.

वैशाली गेल्यावर त्या खाटेशेजारी बसल्या. "तिला बरोबर सांगतेस," त्या हळूच म्हणाल्या, "मग माझ्यापुढे का चुकतेस गं?"

नमितानं तोंड भिंतीकडे फिरवलं. तशीच म्हणाली, "सगल्या रेषा वर पोचल्या का तुमी यायच्या बंद व्हाल."

बाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला. "मी काय नुसती दहावीसाठी येते होय? अगं, दुपारी माझ्याशी बोलायलाही घरात कोणी नसतं. रेषा कुठेही जाऊ दे, मी येणार."

त्या शनिवारी गणिताची रेषा थेट नववीत शिरली. नमिता ती वर जाताना बघत होती आणि लाजून हसत होती.

पुढे प्लास्टर निघालं, कमरेला पट्टा आला. बसता यायला लागल्यावर कंपास हातात घेऊन भूमिती सुरू झाली. मग एके दिवशी बाई आल्या तेव्हा नमिता खिडकीचे गज धरून उभी होती. इतके दिवस बाईंनी तिचा एकेक विषय पारखला होता, पण तिची उंची कधी त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. पोर त्यांच्यापेक्षा वीतभर उंच निघाली. तिच्याशी बोलायला त्यांना मान वर करावी लागली, आणि डोळे भरून आले ते लपवताही आले नाहीत.

शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून नमितानं अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये दहावी दिली. प्रत्येक पेपरला नामदेव तिला रिक्षाने नेत आणि पेपर सुटेपर्यंत शाळेच्या फाटकाबाहेर बसून राहत. निकालात मराठी सगळ्यांत वर, गणित चांगलं, इंग्रजी कसंबसं सुटलेलं. नामदेवांनी सगळ्या भाडेकरूंना पेढे वाटले.

नमिता वाशीच्या कॉलेजात जायला लागली. पहिल्याच आठवड्यात परतताना ती जिन्याचा कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर दम खात, बाईंच्या घरी पोचली. सबिहा कामावरून आली तेव्हा दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. नमिता कॉलेजातल्या गमती सांगत होती, आणि बाई तांदळाची भाकरी थापता थापता इतक्या हसत होत्या की भाकरी एका बाजूने फाटली. सबिहानं पर्स ठेवली आणि तिघींचा चहा टाकला.