पाण्याच्या टाकीतली टकटक

ती घटना आजही आठवते, असं नुसतं म्हणणं पुरेसं नाही. ती विसरल्याचं मला एकदाही आठवत नाही. सांगितली मात्र कुणाला नाही, घरातही नाही. आता नोकरी सुटूनही बरीच वर्षं झाली, ऐंशी उलटली आहे. ज्यांना त्रास होईल अशी माणसं फारशी उरली नाहीत, म्हणून लिहितो. नावं कुणाचीच देत नाही.

साठच्या दशकात तारापूरकडे मोठं बांधकाम निघालं होतं. बोईसर स्टेशनवर रोज नवीन माणसं उतरत. कोणी घाटावरचं, कोणी उत्तरेकडचं, डोंगरातून मजुरीला आलेली कुटुंबं वेगळीच. मी नवा फौजदार होतो आणि तारापूरची चौकी माझ्याकडे होती. दोन खोल्या, एक पेट्रोमॅक्स, मोजके शिपाई आणि एक मिश्किल हवालदार. खाऱ्या वाऱ्यानं बेड्या आखडत, म्हणून दर शनिवारी हवालदार पायरीवर बसून त्यांना खोबरेल लावायचा. समोर बांबूंवर बोंबील सुकत असायचे. आजही कुठे तो वास आला की मी पुन्हा त्या पायरीवर जाऊन बसतो. चांगले दिवस होते.

ऐन मे महिन्यात गावाबाहेरच्या माळावर जादूगाराचा तंबू लागला. त्या काळी सगळेच जादूगार स्वतःला प्रोफेसर म्हणवत, तसा हाही. मिरजेकडचा, उंच, हसऱ्या डोळ्यांचा. खेळाचा शेवट पाण्यात व्हायचा. त्याच्या हातापायांना साखळ्या बांधून त्याला पत्र्याच्या उंच टाकीत उतरवत. टाकीची पुढची बाजू काचेची होती. वर झाकण टाकून कुलूप लावलं की पडदा ओढायचे, आणि मग त्यानं आतून सुटून यायचं.

खेळाआधीच भांडण उभं राहिलं. टाकी भरायला तंबूवाल्यांनी गावच्या विहिरीला हात लावला आणि बायका हंडे घेऊन थेट चौकीवर आल्या. त्यांच्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "फौजदारसायब, आमाला प्यायला पानी नाय, आनि ह्याला बुडायला गोडं पानी पायजे? खाऱ्या पान्यात बुडता येत नाय काय?" सगळे हसले, जादूगारही हसला. मी निवाडा दिला, टाकी खाडीच्या पाण्यानं भरा. बैलगाडीवरून पिंपं आली. भांडण मिटलं आणि माझं गावात नाव झालं.

त्याच संध्याकाळी जादूगार बंदोबस्ताचं बोलायला आला. म्हणाला, पडदा ओढल्यावर थोड्या वेळानं माझी बायको रडत, ओरडत कुऱ्हाड घेऊन काच फोडायला धावेल. ते नाटक आहे. तुम्ही तिला धरून ठेवायचं. खाकी वर्दीनं धरलं की लोकांना खरं वाटतं.

मी कबूल झालो. पहिल्या खेळाला ती किंचाळत धावली, मी मनगट धरलं, लोक उठून उभे राहिले, आणि पडदा सरकला तेव्हा जादूगार टाकीवर भिजून उभा होता. टाळ्या थांबेनात. आत गेल्यावर ती हसत म्हणाली, "साहेब, दोन बांगड्या फोडल्यात. उद्यापासून दंडाला धरा. आणि जरा जोरात धरा, लोकांना कळतं." दुसऱ्या दिवसापासून मी दंड धरू लागलो. हवालदार म्हणाला, "साहेब, तंबूवाल्यांकडून पगार सुरू करा आता." रस्त्यानं जाताना पोरंटोरं माझ्याकडे बोट दाखवत. खरं सांगतो, मला ते आवडू लागलं होतं. संध्याकाळ झाली की मी बेल्टला पॉलिश करायचो.

चौथा खेळ. मजूर ट्रक भरभरून आले होते. पडदा ओढला गेला, ढोल वाजू लागला. थोड्या वेळानं ती कुऱ्हाड घेऊन निघाली. मी नेहमीसारखा दंड धरला. ती ओरडली नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "साहेब, सोडा."

मला वाटलं, आज हिचा सूर लागत नाही. मी धरलेला हात आणखी घट्ट केला आणि तिच्या कानाशी म्हणालो, "बाई, जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू जात नाही."

ती पुन्हा तितक्याच हळू म्हणाली, "सोडा." मग ओढणं थांबलं. तिचा दंड गार पडत गेला ते मला कळलं, तरी मी सोडला नाही. शेवटी तंबूचा मॅनेजर पडद्याआडून पांढराफटक होऊन बाहेर आला तेव्हा माझी बोटं सुटली. तिनं एका घावात काच फोडली. पाण्याबरोबर तो बाहेर आला, पण पालघरच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

सकाळी तंबूतला ढोलवाला खबर घेऊन आला. दुपारी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि नंतर ती एकटीच झाकणाशी काहीतरी खुडबुड करत होती, असं त्यानं सांगितलं. पालघरहून आलेल्या वरिष्ठांनी खुनाचा संशय धरला. संध्याकाळपर्यंत काही निघालं नाही तर बाईला अटक करा, असा हुकूम देऊन ते गेले.

मी तिला समोर बसवलं. झाकणाच्या आत एक लपवलेली खिटी असते, ती सरकवली की कुलपासकट झाकण उचलतं, हे तिनंच सांगितलं. दुपारी ती खिटीला तेल देत होती. "खिटी जड लागत होती, साहेब. आजचा दिवस पाण्यात उतरू नका म्हटलं. ते म्हणाले, एवढी माणसं आलीत, त्यांना काय सांगू? त्यावरून भांडण." ती रडत नव्हती. हवालदारानं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे बाई पक्की आहे. पोलिसांना रडणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायची सवय असते.

मी पंचांना घेऊन मुद्देमालातल्या टाकीशी गेलो. झाकण उलटं केलं. खिटी गंजानं जागेवर बसली होती, फटीत मिठाचा पांढरा थर होता. रोज खारं पाणी, दिवसा उन्हात सुकणं, पुन्हा खारं पाणी. मी बोट फिरवून वास घेतला. खोबरेल. आमच्या बेड्यांना येतो तोच वास. जिला नवरा मारायचा आहे ती खिटीला तेल कशाला देईल? पंचनाम्यात तसं लिहून घेतलं. खाडीचं पाणी माझ्या हुकुमानं भरलं होतं, हेही मी अहवालात लिहिलं. त्याची मला लाज नाही, माझ्या जागी कुणीही तोच निवाडा दिला असता.

बाई सुटणार हे नक्की झालं. जबाब पुरा करायला एकच प्रश्न राहिला होता, आणि तो मीच विचारला. हवालदार लिहायला बसला होता.

"बाई, कुऱ्हाड हातात होती, तर काच वेळेत का फोडली नाहीस?"

ती म्हणाली, "खिटी सरकली की ते आतून पत्र्यावर दोनदा टकटक करायचे. ती ऐकली की मी रडायला सुरुवात करायची. टकटक ऐकल्याशिवाय मी कधी रडले नाही."

"मग काल?"

"काल मी रडलेच नाही, साहेब."

हवालदाराची लेखणी थांबली. तिनं माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मी तो टेबलाखाली घेतला. मग तीच हवालदाराला म्हणाली, "लिहा, उशीर झाला." त्यानं लिहिलं, तिनं अंगठा दिला, मी सही केली. तिनं मला का वाचवलं ते मी विचारलं नाही. कदाचित भीतीनं असेल. पोलिसाविरुद्ध पोलिसाकडेच काय सांगणार? अपमृत्यू म्हणून प्रकरण बंद झालं आणि खऱ्या कारणाचा छडा लावल्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

ती गावी निघाली त्या दिवशी मी बोईसर स्टेशनवर गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. ती ट्रंकेवर बसली होती, हात रिकामे. मी समोर उभा राहिलो आणि तिकीट काढलं का, एवढंच विचारलं. तिनं मान हलवली. गाडी दिसू लागली तेव्हा म्हणाली, "साहेब, तुम्ही दंडाला धरायचात ना, त्या दिवशी एकही बांगडी फुटली नव्हती. नंतर सगळ्या मलाच फोडाव्या लागल्या." आवाज तोच होता, 'सोडा' म्हणतानाचा.

त्यानंतर मी पुष्कळ ठाण्यांवर काम केलं. आरडाओरडा करत आलेल्याला मी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, थांबवून ठेवलं. पण दारात उभं राहून कुणी हळू आवाजात काही म्हणालं, की हातातलं काम टाकून आधी उठलो. हाताखालची मुलं म्हणायची, साहेबांना माणसाची पारख आहे. पारख कसली? माझ्या कानाशी कुणी हळू बोललं की माझी बोटं आपोआप उघडतात, एवढंच.