मयताला बसवलं कुणी?

त्या गोदामातला मयत अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत मयत पुष्कळ पाहिले. रुळांवरचे, विहिरीतले, लॉजच्या बंद खोलीतले. पण हा मांडी घालून बसलेला होता.

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. दहावीनंतर शाळा सुटली, आमच्याकडच्या भरतीत नाव लागलं नाही, म्हणून इकडे सोलापूरला येऊन मैदानावर धावलो आणि शिपाई झालो. वर्षा-दोन वर्षांत बदली घेऊन गावी परतू असं आईला सांगितलं होतं. ते राहूनच गेलं. भात खाणाऱ्या माणसाला या शहरानं ज्वारीची भाकरी खायला शिकवली, आणि शेवटी सहायक फौजदार करून सन्मानानं घरी पाठवलं. त्या प्रकरणाच्या वेळी मी हवालदार होतो, तपास पथकात. कुणाचं नाव लिहिणार नाही. त्यातली माणसं याच शहरात आहेत.

भुसार मालाचं दुकान होतं, मागे गोदाम. दोघे भाऊ मिळून चालवायचे. माणसं अक्कलकोटकडची, लिंगायत. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. थोरल्याला सगळी गल्ली अण्णा म्हणायची. धाकट्याला अप्पा. तो पन्नाशीचा, मालाच्या गाडीपासून उधारीच्या वसुलीपर्यंत सगळं बघायचा, पण शब्द चालायचा अण्णांचा.

संध्याकाळी शेजारच्या दुकानदाराचा ठाण्यात फोन आला, "गोदामात अण्णा बसलेत, हाका मारतोय, बोलत नाहीत." आम्ही गेलो. अण्णा भिंतीला टेकून मांडी घालून बसलेले. कपाळावर विभूती. डोक्याला मागून मार लागलेला, आणि रक्ताचं थारोळं मात्र चार पावलं पलीकडे, पोत्यांच्या थप्पीपाशी. गळ्यातलं इष्टलिंग हातात होतं. पंचांपैकी एक जण हात जोडून म्हणाला, "जाताना शिवाचं नाव घेतलं बघा. पुण्यवान माणूस." आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. मार खाल्ला, कसेबसे भिंतीपर्यंत आले, बसले आणि गेले. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं, 'मयत भिंतीला टेकून बसलेल्या स्थितीत'.

तासाभरात आमच्या खबऱ्यानं टीप दिली. दुकानातला हमाल गोदामाच्या बोळातून पळत जाताना दिसला होता. त्याच दिवशी सकाळी अण्णांनी त्याला आईवरून शिवी दिली होती, आणि त्यानं भर गल्लीत "तुमाला बगतोच" असा दम भरून काम सोडलं होतं. तो आम्हाला एसटी स्टँडवर सापडला, बायकोसह, माळशिरसच्या गाडीची वाट बघताना. पोती उचलायचा त्याचा लोखंडी आकडा गोदामात पडलेला मिळाला होता. आणखी काय पाहिजे? साहेबांनी चौकशीला बसवलं. सकाळी अटक दाखवायची आणि कोर्टात हजर करायचं, असं ठरल्यातच जमा होतं.

त्याची बायको पोटुशी होती. ती ठाण्याच्या व्हरांड्यात बसून राहिली. मी पाणी दिलं तर म्हणाली, "दादा, त्येंचं नुसतं तोंड हाय हो. तोंड सोडलं तर त्या मानसात काय न्हाय." एवढ्या वाईट वेळी मला हसू आलं. असल्या बोलण्याला पुरावा म्हणत नाहीत, पण ते कानात राहिलं.

चौकशीत हमाल आधी साफ नाही म्हणाला.

"गोदामात गेला होतास?"

"न्हाय साहेब."

"मग आकडा?"

"सकाळचा ऱ्हायला आसंल."

"आणि पळताना कोण होता? तुझा भाऊ?"

तो रडायलाच लागला. "गेलतो व्हय. आकडा न्यायला गेलतो. अण्णा बसलेलं. म्हनलं, मी चाललो गावाला, माजं चुकलं. बोलंनात. म्हनलं रागात हायत. आकडा हातात घिऊन हुबाच ऱ्हायलो की. मग तोंडावर माशी बसली. ती बी हाकलंनात. तवा कळलं. आकडा कुटं पडला आन् मी कुटं पळालो, ठावं न्हाय."

"ओरडला का नाहीस?"

"सकाळीच दम दिलता. कुनी इस्वास ठिवला आसता?"

मी स्वतः भित्र्या जातीचा माणूस. लॉकअपचं कुलूप दोनदा ओढून बघितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. म्हणून एक गोष्ट मला ठाऊक होती. घाबरलेला माणूस आधी खोटं बोलतो, मग त्या खोट्यालाच घाबरून आणखी खोटं बोलतो. गुन्हेगाराचं खोटं बहुतेक वेळा नीट बांधलेलं असतं. याचं पहिल्याच धक्क्याला कोसळलं, आणि खाली निघाली ती माशी. माशी कुणी रचून सांगत नाही.

सकाळी शवविच्छेदनाच्या डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, घाव जड, बोथट वस्तूचा. आकड्याचा नव्हे. आणि तो बसल्यावर माणूस जागच्या जागी बेशुद्ध होणार, चार पावलं चालून मांडी घालून बसणं शक्य नाही.

आमचे साहेब गुन्हेगारांच्या मनाचा अभ्यास केलेले होते. ट्रेनिंगमध्ये जे शिकले ते आम्हालाही सांगायचे. त्यांचं एक सांगणं असं, की मारण्याआधी माणूस काय बोलला यापेक्षा मारल्यानंतर त्यानं काय केलं ते बघा. परका मारतो आणि निघून जातो, जवळचा मारतो आणि तिथंच घुटमळतो. मयताचं तोंड झाकतो, कपडे सारखे करतो. मी साहेबांना म्हणालो, "साहेब, मयताला बसवलं कुणी?"

पंचनाम्याचे फोटो पुन्हा बाहेर काढले. चेहरा पुसलेला होता. कपाळावरच्या विभूतीच्या तिन्ही रेघा सरळ, रक्ताचा एक डाग नाही. मरणारा माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो. इथं इष्टलिंग उघड्या डाव्या तळहातावर होतं. ते पकडलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं.

आणि मला माझा जुना घरमालक आठवला. मी नवीन असताना ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहायचो ते गेले, तेव्हा मदत म्हणून मी चटई अंथरून त्यांचे पाय सरळ करायला लागलो होतो. त्यांच्या मुलानं माझा हात धरला. "हवालदार, झोपवू नका. आमच्यात बसवतात. बसवूनच समाधी देतात." आमच्याकडे मेलेल्याला आडवंच करतात. माळशिरसच्या त्या हमालाकडेही तसंच. मारून वर इतकं रीतीनं बसवणारा माणूस घरचाच असणार. इथल्या पंचांना ते बसणं इतकं ओळखीचं होतं, की त्यात काही विचारण्यासारखं आहे असं कुणाला वाटलंच नाही.

धाकटा भाऊ रात्रीपासून दोनदा ठाण्यात येऊन गेला होता. फिर्यादी म्हणून यायला हरकत नव्हती. पण दोन्ही वेळा ठाणे अंमलदाराला त्यानं एकच विचारलं होतं, "त्या पोरानं जेवण केलं का? त्याला मारू नका." आपल्या भावाचा जीव घेतल्याचा संशय ज्याच्यावर आहे, त्याच्या जेवणाची चौकशी कोण करतं?

साहेब म्हणाले, "तुम्हीच विचारा. मी बाजूला बसतो."

मी धाकट्या भावाला समोर बसवून चहा दिला. खून, कलम, शिक्षा यातलं काही काढलं नाही. विचारलं, "अप्पा, अण्णांना बसवताना तुम्हाला एकट्याला जड गेलं असेल."

ते कपाकडे बघत म्हणाले, "हौद्री, होय. लई जड." आणि पुढे, "आडवं पडलेलं बघवंना. असं कसं टाकायचं त्यांना? थोरला भाऊ आहे माझा."

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी सकाळी अप्पांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. घरी जायच्या आधी दुकानावर थांबले. त्यांच्यासमोर अण्णा म्हणाले, "याला काय विचारता? हा माझ्या दुकानातला नोकर. याच्या पोरीचं मीच बघणार." पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले आणि घरी न येताच परत गेले. "तसं तर जन्मभर बोलले, साहेब. घरात बोलले, हमालांसमोर बोलले. बाप मेल्यावर त्यांनीच वाढवलं, म्हणून ऐकलं. गोदामात मी एवढंच म्हणालो, अण्णा, पोरीच्या पाहुण्यांसमोर तरी नको होतं. तर हसले. म्हणाले, बोललो ते खोटं आहे काय? आणि पाठ फिरवली. दार अडवायला ठेवलेलं जुनं लोखंडी वजन पायाशी होतं. तेच उचललं."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, आरोपीनं पंचांसमोर काढून दिलेली वस्तू चालते. म्हणून दोन पंच बोलावले, निवेदन घेतलं, आणि अप्पांनी स्वतः गोदामामागच्या पाण्याच्या टाकीतून वजन काढून दिलं. चेहरा पुसलेला टॉवेल रिकाम्या पोत्यांच्या ढिगातून निघाला.

हमालाला सोडलं. पण सोडलं म्हणून सुटला असं होत नाही. गल्लीनं त्याला खुनी ठरवून झालं होतं, खोलीच्या मालकानं सामान बाहेर काढलं होतं. साहेब म्हणाले, "ज्यांच्यासमोर आपण त्याची चौकशी करत फिरलो, त्यांच्यासमोरच त्याला नेऊन सोडू." आम्ही गणवेशात त्याच्याबरोबर त्या गल्लीत चालत गेलो, चौकातल्या टपरीवर त्याला मध्ये बसवून चहा प्यालो. साहेबांनी मोठ्यानं सांगितलं, "याचा काही संबंध नव्हता. चूक आमची होती." टपरीवाला बोलला, "आता बिस्कीट पण घे की, सरकारी खात्यावर आहे." सगळे हसले, तोही हसला. त्याच संध्याकाळी खोलीच्या मालकानं सामान आत घेतलं.

खटला उभा राहिला तेव्हा मला धास्ती होती ती या हमालाच्याच साक्षीची. सकाळी पाहुणे आले त्या वेळी त्यानं अजून काम सोडलं नव्हतं, तो दुकानात थप्पी लावत होता, अण्णांचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. ते खरं सांगितलं तर अप्पांच्या बाजूनं जाणार होतं. आणि अप्पांनी तर गप्प राहून त्याला मरू दिलं असतं. साक्षीच्या आधी मी विचारलं, "मनात राग असेल ना?"

"आसंल की. पर त्येंनी मला आडकावलं न्हाय, साहेब. भ्यालं आन् गप ऱ्हायलं. मी बी पळालोच की."

पिंजऱ्यात त्यानं अण्णांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. अप्पांच्या वकिलांचा प्रश्न तिथं संपला होता. हा मात्र थांबला नाही. न्यायाधीशांकडे बघून म्हणाला, "पर त्ये खोटं हुतं, साहेब. धाकलं मालक नोकर नव्हतं. दुकान त्येच चालवत हुतं. आख्ख्या गल्लीला ठावं हाय." सरकारी वकिलांनी हरकत घेतली. अप्पांची मुलगी मागच्या बाकावर बसली होती. अप्पांनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

कोर्टानं खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला. शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. पण जन्मठेप नव्हती.

खून करणारा माणूस वेगळ्या मातीचा असतो असं मी भरती झालो तेव्हा समजत होतो. द्वेषानं मारणारेही मी पाहिले, ते थोडे. जास्त पाहिले ते, ज्यांची किंमत नको त्या माणसांसमोर शून्य केली गेली आणि ती परत मिळायचा रस्ता ज्यांना दिसला नाही. तो रस्ता दाखवता येतो, हे मला त्या गल्लीत आणि त्या कोर्टात कळलं. पुढे ठाण्यात भावकीची भांडणं आली, की मी तक्रार घेण्याआधी विचारायचो, बोलणं कुणासमोर झालं? आणि समजूत घालायची ती त्याच माणसांना बोलावून, त्यांच्यासमोर घालायचो. वेळ लागायचा, सहकारी वैतागायचे. पण रागानं थरथरत आलेली पुष्कळ माणसं माझ्यासमोरून एकमेकांना गाडीवर मागे बसवून घरी गेली.

निकालाच्या दिवशी अप्पांना गाडीकडे नेत होतो. मुलगी बाजूनं चालत होती. तिनं बापाला कन्नडमध्ये विचारलं, "ऊटा आयता?" जेवलात का. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी शिपायाला गाडी थांबवायला सांगितली. तिनं डबा उघडला, आणि अप्पा तिथंच कोर्टाच्या पायरीवर, सगळ्यांसमोर, लेकीच्या शेजारी बसून जेवले.