बकुळीची पाठराखीण

आमच्या बायकोला, आवडाबाईला, कुणी सांगितलं होतं नसती ब्याद घरात आणायला? आगरदांड्याच्या जेट्टीवर कुणीतरी टाकून दिलेली, भेदरलेली कुत्री हिनं पदरात गुंडाळून आणली. नाव ठेवलं बकुळी. "चांगलं घर मिळेपर्यंत राहील," म्हणाली.

भांडं पडलं, मी शिंकलो, की बकुळी खाटेखाली. बाहेर काढायचा उपाय एकच, नाकासमोर सुका बोंबील धरायचा. तोही माझ्या ताटातला!

शेवटी खाडीपलीकडे दिघीला राहणाऱ्या प्राप्ती नावाच्या शिक्षिकेनं बकुळीला मागितलं. मी पेढे वाटायच्या बेतात होतो, तर आवडाबाई स्वतःच्या लुगड्यांची पिशवी भरायला बसली.

"नवरी सासरला एकटी जाते काय? पाठराखीण नको?"

"अगं, कुत्री हाय ती!"

"मग तिला परकं घर परकं न्हाय?"

आणि गेली की फेरीबोटीतून! पाठराखीण दोन दिवसांत परत येते. ही आठवडा झाला तरी येईना. मी इकडे करपलेला भात खातोय.

मग प्राप्तीचा फोन आला. "काका, बकुळी छान रुळली. आता काकूंना न्यायला या."

गेलो. बकुळी अंगणात शेपूट हलवत उभी. मी शिंकलो, तरी जागची हलली नाही. आवडाबाई मात्र कुठंच दिसेना. प्राप्तीनं हसू दाबत घरातल्या खाटेकडे बोट दाखवलं.

"मी न्हाय येत!" खाटेखालून आवाज आला.

बकुळीसाठी खिशात घालून आणलेला सुका बोंबील मी काढला आणि खाटेपुढे धरला.