शेपटीचं अक्षर

शेवटच्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायकोनं घरभर एक अक्षर शोधलं. गोल, अन् खाली शेपूट असलेलं. त्याला क्यू म्हणतात हे मला तिनंच सांगितलं. मी दुसरी शिकलेला, ती चौथी. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. पण ती लातूरला दाळमिलमध्ये फाटकी पोती शिवायची. पोत्यांवर इंग्रजी छापलेलं असायचं अन् ठिगळावरचं अक्षर उलटं बसलं की मुकादम खेकसायचा. म्हणून सगळी अक्षरं तिला तोंडवळ्यानं अन् नावानं ओळखू यायची. मी तीच पोती पाठीवर वाहिली, पण कधी वाचायला गेलो नाही.

हा खेळ सुनेनं काढला. सून नांदेडला, मुलाजवळ. तिच्या मोबाइलमध्ये शब्दांचा खेळ होता, अमकं अक्षर असलेला शब्द शोधा म्हणून. रोज संध्याकाळी ती सासूला फोन करून एक अक्षर द्यायची. सासूनं ते घरातल्या एखाद्या वस्तूवर शोधायचं आणि तो शब्द एकेक अक्षर करून फोनवर सांगायचा. साबणाचा कागद, गोळ्यांचं पाकीट, कुकरचं बूड, पंख्याची पाती, कशावरही शब्द निघायचा.

मला हे पहिल्यापासून खटकत होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या चाकूरला टँकर दिसला की माणसं बादल्या घेऊन पळायची अन् भरलेल्या ड्रमला कुलूप लावायची. नांदेडला नळाला पाणी होतं. मुलगा-सून आम्हाला तिकडं न्यायला टपलेले. मी सरळ नाही म्हणालो होतो. मग ह्या दोघी रोज काय बोलत असतात? जवळ बसून ऐकलं तरी काही हाती लागायचं नाही. साबणावर बोट ठेवून ती म्हणायची, एस, ओ, ए, पी; त्यातलं ए तेवढं मला ओळखू यायला लागलं. असल्या बोलण्यात काय शिजतंय ते कोणाला कळणार?

विश्वास ठेवावा असं तेव्हा काही नव्हतंच. पारावर रोज नव्या जिल्ह्याच्या गप्पा. उदगीर जिल्हा होणार, आपण त्यात जाणार, मग पाणी येणार. आधी आम्ही उस्मानाबादेत होतो, मग लातूर झालं. गाव तिथंच राहिलं, पाट्या तेवढ्या बदलल्या. जारवाल्याचा टेम्पो रोज दारावरून जायचा. ती म्हणायची, "एक जार घ्या की. लाइनीत उभं राहून गुडघे गेले माझे." मी म्हणायचो, "कुठल्या बोअरचं भरतोय कोणाला ठाऊक. आपल्या घरात जार येणार न्हाई."

तर त्या संध्याकाळी तेलाचा डबा उलटा केला, घड्याळ खाली काढलं, कपाटावरची खोकी झटकली. क्यू कुठंच नाही.

मी म्हणालो, "तिला ठाऊकच होतं. दिवाळीला आली तवा सगळं घर बघून गेली. नसलेलंच अक्षर दिलं बघ."

"तुमचा संशय म्हंजी," ती म्हणाली. "उद्या साखरेला मुंग्या लागल्या तर म्हणाल सुनेनं पाठवल्या."

"मग एवढी का धडपडतीस? न्हाई घावलं तर न्हाई."

ती पाटावर बसली. "पैज हाय. ज्या दिशी मला शब्द घावतो, त्या दिशी ती नांदेडला चला म्हणत न्हाई. न्हाई घावला की सामान बांधायचं."

"अन् मला न विचारता पैज लावलीस?"

"तुमी नुसतं न्हाई म्हणता. तुमच्या न्हाईला घरात कोण विचारतंय? इतके दिस ह्या घरात राहिलाव ते माझ्या शब्दांवर."

मला अर्धंच पटलं. तिलाच जायचं असेल अन् माझ्यासमोर शोधल्यासारखं करत असेल, असंही मनात आलं. तेवढ्यात सुनेचा फोन वाजला.

"आत्या, घावलं का?"

"सकाळपर्यंत सवड दे गं."

"दिली. मग मात्र मी गाडीच घेऊन येते."

सकाळी चहा ठेवून हाक मारली तर ती उठली नाही. शेजारीण आली, तिनं हात धरून बघितला अन् पदर तोंडाला लावला. तिनंच नांदेडला फोन लावला.

आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून पुरायला नेतात. त्याआधी अंघोळ, मग विभूती. आमचा ड्रम कोरडा होता. शेजारणीनं आपल्या ड्रमचं कुलूप काढून घागर आणली, तर पाणी पिवळं, तळाला गाळ. मी म्हणालो, ह्यानं तिला न्हाऊ घालायचं नाही.

तेव्हाच टेम्पो आला. दारात माणसं बघून जारवाला थांबला अन् एक जार उतरवून उंबऱ्याशी ठेवला. हा का देतोय म्हणून मी त्याच्याकडं बघितलं. मग उचलायला वाकलो तर जारवर मोठ्या निळ्या अक्षरांत ते होतं. गोल, खाली शेपूट.

जार उंबऱ्याच्या आत घेतला अन् शेजारणीकडून सुनेला फोन लावून घेतला.

"मामा, निघालोय, लोह्याला आलोय," ती रडत होती.

"शब्द घे," मी म्हणालो. "पहिलं ए. मग शेपटीचं. मग वाडग्यासारखं. मग परत ए."

"ए, क्यू, यू, ए," ती रडतच जुळवत गेली.

"कशावर हाय, मामा?"

"जारवर. घरात घेतलाय."

"मग आत्या जिंकल्या."

मला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हणतेय. फोन ठेवून मी बाहेर आलो. जारवाला चप्पल काढून भिंतीशी उभा होता. त्याला विचारलं, "ह्याच्यावर काय लिहिलंय?"

"पाणीच लिहिलंय, काका. दुसरं काय लिहितील?"

मी जार खांद्यावर घेतला अन् आत न्हाणीपाशी नेला. बायकांनी बादली पुढं केली. मी आधी ओंजळीत घेऊन वास घेतला, एक घोट पिऊन बघितला. मग ओतलं.