पापण्यांसाठी मागितलेला कौल

आधी माफी मागतो. आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि ते अर्जही आता मीच लिहितो. त्यातून विषय असा की वाचणाऱ्याला वाटेल, ह्याला दुसरं काही दुःख नाही का? मला ऑपरेशन करून डोळ्यांच्या पापण्या उचलून घ्यायच्या होत्या. नजरेसाठी नाही, दिसण्यासाठी. हे वाक्य लिहितानाही लाज वाटते, पण ते आधीच लिहिलेलं बरं.

माझ्या वरच्या पापण्या जन्मापासून जड आहेत. डोळे पूर्ण उघडले तरी अर्धे मिटल्यासारखे दिसतात. परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला गेलो की मुलुंड स्टेशनजवळचा फोटोवाला हमखास म्हणतो, "भाऊ, डोळे उघड ना."

"उघडेच आहेत."

"अजून थोडे."

अजून थोडे उघडायचे म्हणजे भुवया वर ताणायच्या. मग फोटोत मी घाबरलेला दिसतो. कॉलेजात मित्र मला 'स्लीपर' म्हणायचे. सकाळच्या लेक्चरला पोचलो की, "काय रे, रात्रीची उतरली नाही का अजून?" मी हसायचो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तिथे कशावर रागवायचं आणि कशावर नाही, हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी सगळ्यावरच हसत होतो.

अंधेरीच्या एका कंपनीत मुलाखत होती. आठवडाभर आरशासमोर तयारी केली. मुलाखत घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "उत्तरं बरी देतोस, पण तुला यात रस आहे असं वाटत नाही." मी रस आहे म्हणून सांगू लागलो आणि भुवया ताणल्या. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

पण ऑपरेशनचं डोक्यात आलं ते यामुळे नाही. ते कारण मी अजून घरी कुणाला सांगितलेलं नाही.

माझे बाबा मुलुंडमध्येच एका मोठ्या सोसायटीच्या मागच्या गेटवर वॉचमन आहेत, सकाळच्या पाळीला. त्याच सोसायटीत पुढच्या बाजूच्या विंगमध्ये मला सातवीतल्या एका मुलाची शिकवणी मिळाली होती. बाबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले, आणि लगेच म्हणाले, "तू पुढच्या गेटाने जा. आणि मी दिसलो तर हाक मारू नकोस. तिथे तू सर आहेस." मी बरं म्हणालो. वर्षभर मी पुढच्या गेटाने जात होतो.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलगा गणितं सोडवत होता. त्याच्या आईने हसत मोबाइल माझ्यासमोर धरला. "बघा सर, ह्याला आम्ही पगार देतो." सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. गेटजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा. डोळे अर्धे मिटलेले. खाली लिहिलं होतं, 'आमचा कडक पहारा.' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

बाबा जागे होते. मला एका नजरेत कळलं. झोपले की त्यांची मान डावीकडे कलते. फोटोत मान सरळ होती आणि एक हात रजिस्टरवर होता. मला एवढंच म्हणायचं होतं की ते जागे आहेत. पण ते तुम्हाला कसं ठाऊक, असं त्या विचारणार, आणि मग मला पुढचं सांगावं लागणार. मी मुलाची वही पुढे ओढली. त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्हीपण दमलात वाटतं. चहा टाकू?"

मी तो चहा प्यायलो.

पुढच्या आठवड्यात बाबांना खुर्ची वापरायची नाही असं सांगण्यात आलं. घरी ते म्हणाले, "उभं राहिलं की बरं असतं, पाठ दुखत नाही." ग्रुपवरच्या फोटोचं त्यांना ठाऊक आहे की नाही, मी विचारलं नाही.

शिकवणीचे साठवलेले पैसे घेऊन मी घाटकोपरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी छोट्या पट्टीने पापणी मोजली. "बाहुली झाकली जात नाही. नजरेला धोका नाही. करायचं तर दिसण्यासाठीच करायचं. घरी अजून कुणाचे असे डोळे आहेत का?"

"बाबांचे."

"मग त्यांनाच सोबत आण. त्या दिवशी घरचं कुणीतरी लागेल."

घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. आईच बोलली, "एवढे वाईट आहेत का रे डोळे? मी तर ह्यांच्याशी लग्नच..." तिने बाबांच्या ताटात भात वाढला. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "देवीला विचारू."

आमच्या कोकणातल्या गावी मोठं काहीही करायचं तर ग्रामदेवीचा कौल घेतात. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमची खोली घेतानाही कौल घेतला होता, आणि मला कॉमर्सला घालतानाही. मी शिकलेला आहे, कौलावर विश्वास आहे का असं कुणी विचारलं तर मला नीट उत्तर देता येणार नाही. पण डावी पाकळी पडल्यावर कुठली गोष्ट करण्याची माझी छाती नाही.

आईने गावी काकांना फोन केला. 'दिसण्यासाठी' हे तिच्या तोंडातून निघेना. ती नुसतं म्हणाली, "पोराच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे." दोन दिवसांनी काकांनी देवळातला व्हिडिओ पाठवला. गुरव हात जोडून खणखणीत आवाजात सांगत होता की मुंबईच्या पोराची नजर चालली आहे, त्याला उजेड दे. मागे उभी असलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होती. उजवी पाकळी लगेच पडली. काकीने तिथल्या तिथे चांदीचे डोळे वाहायचा नवस बोलला. शेजारच्या आजी रडत होत्या.

बाबांनी व्हिडिओ दोनदा बघितला. मग आईला म्हणाले, "हा कौल चालायचा नाही. देवीला खोटं सांगितलं आपण. नजर जाते म्हणून तिने दिला."

"मग आता काय सांगायचं? शोभेसाठी म्हणून?" आई चिडली.

"जे आहे ते. मी भावाशी बोलतो."

मी मध्ये पडून म्हणायला हवं होतं की राहू द्या. किंवा म्हणायला हवं होतं की माझे डोळे आहेत, मी ठरवतो. दोन्ही वाक्यं माझ्याकडे तयार होती. मी वाट बघत बसलो. दवाखान्याची तारीख जवळ आली. रोज विचारायला धीर होत नव्हता, म्हणून मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचो. आणि आमच्या डोळ्यांवरून काही कळत नाही, हे मला सगळ्यांत जास्त ठाऊक आहे.

तारखेच्या दोन दिवस आधी बाबा कामावरून आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "उजवा दिला. सगळं खरं सांगून विचारलं. आता जा निर्धास्त." आई देवासमोर साखर ठेवायला उठली. मी बाबांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि नेहमीपेक्षा लवकर काढून घेतला.

त्या दिवशी बाबा रजा टाकून माझ्याबरोबर घाटकोपरला आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. फॉर्मवर नातेवाइकाची सही लागत होती. त्यांनी बोट ठेवून जागा विचारली आणि सावकाश सही केली. मग समोरच्या बाकावर ताठ बसले, मान सरळ, हात गुडघ्यांवर. तिथे खुर्च्या होत्या, गादीच्या. त्यांनी बाकच निवडला.

माझं नाव पुकारायला थोडा वेळ होता. तेवढ्यात काकांचा फोन आला. काकीचे चांदीचे डोळे घडवून आले होते. ते आत्ताच वाहायचे की थांबायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी बाजूला जाऊन म्हणालो, "वाहा ना काका. दुसरा कौलपण उजवाच झाला ना परवा."

"परवा? तुका कोणी सांगल्यान?"

"बाबांनी."

फोनवर मागे काकांच्या अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. मी बाकाकडे बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते, किंवा बघत नव्हते.

"अरे झिला," काका म्हणाले, "गुरवांच्या भावकीत मयत झाला, सुतक आसा. मी तुझ्या बापाशीक आठ दिसांआधीच सांगलंय. कौल अजून कोणी लावूकच नाय."