साच्यातली मेरिमावा

आमच्या अर्ना शहराच्या टाकसाळीत सिदेरियादादा साचे कोरायचा आणि मी घण मारायचो. म्हणजे डोकं त्याचं, दंड माझे. ऐरणीत मलियादेवीच्या मुखड्याचा साचा बसवलेला असे. त्यावर तापलेली चांदी ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हाणायचं.

तो मुखडा देवीचा नव्हताच. तापात गेलेल्या आपल्या लेकीचा, मेरिमावाचा चेहरा दादाने ती गेली त्याच आठवड्यात कोरला होता. कुणाला कळतं तर देवीची विटंबना म्हणून त्याचे हात तोडले असते. एकदा द्राक्षाची दारू चढल्यावर माझ्यापाशी बोलला, तेवढंच.

त्या साली बंदरातून खोटी नाणी आली, आत तांबं आणि वर चांदीचा मुलामा. बाजार बिथरला. नाणं हाती आलं की आधी छिन्नीने चिरायचं, मगच माल द्यायचा. चिरायचं तेही मुखड्यावर, तिथे चांदी जाड म्हणून. मासळीवालीने दादाच्या देखत छिन्नी उचलली.

"मावशी, मागच्या बाजूने चिरा की," दादा म्हणाला.

"का रे बाबा? देवी तुझी सोयरी लागते?"

सगळे हसले. संशय नको म्हणून मीही हसलो. दादा मासे न घेताच निघाला.

"जाऊ दे, दादा. साचा आहे ना आपल्याकडे," मी म्हटलं.

"तेवढाच आहे," तो म्हणाला. त्या भरवशावर वेड्याने एक नाणंही जपून ठेवलं नव्हतं.

द्राक्षं उतरायच्या दिवसांत साचा तडकला, माझ्याच घणाखाली. तडकलेला साचा अधिकाऱ्यासमोर फोडायचा असतो, नाहीतर कोणी चोरून नाणी पाडेल. फोडतो घणवालाच. मी दादाकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. मग हाणला. माझ्या दंडांची मला इतकी किळस कधी आली नव्हती.

नव्या साच्यासाठी दादाला न चिरलेलं नाणं हवं होतं. टाकसाळीतली सगळी नाणी सैनिकांच्या पगारात गेलेली. आम्ही बाजार पालथा घातला, पार पत्ताराच्या बंदरापर्यंत गेलो. सराफांकडे ढीग होते, पण कुठे डोळा गेलेला, कुठे ओठ.

"वहिनीला विचार ना चेहरा," मी म्हटलं.

"तिला आजारातलाच आठवतो रे."

मग तो आठवून कोरायला बसला. कोरायचा, घासून टाकायचा, पुन्हा कोरायचा. अधिकारी डोक्यावर बसलेला. "अरे, देवीच काढायचीय ना? नवी नवरी आहेस का लाजायला?"

पहिलं नाणं मी पाडलं. अधिकारी खूश झाला. "वा! आधीच्यापेक्षा देखणी!"

दादाने नाणं तळहातावर घेतलं, उजेडाकडे वळवलं, बराच वेळ पाहत राहिला.

"कशी झालीय?" मी हळूच विचारलं.

"देवी झालीय, पर्मेना," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

ऐरणीवरची चांदी निवत चालली म्हणून अधिकारी ओरडला, तसा मी घण उचलला.