रांगोळीला घातलेला वळसा

खून, दरोडे, देवळांतल्या मूर्तींच्या चोऱ्या, सगळं हाताळून मी निवृत्त झालो. तरी एखादी केस सांगा म्हटलं की आजही पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतो तो एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या दाराला पडलेला वीतभर पोचा. हसू नका. त्या पोच्याने माझी जेवढी परीक्षा घेतली, तेवढी कुठल्या दरोडेखोरानेही घेतली नाही.

मी तेव्हा तंजावर शहरातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. आमची घराणी मराठा राजांच्या काळात इकडे आली आणि इकडचीच झाली. घरात मराठी, ठाण्यात तमिळ. आमच्यातल्या बऱ्याच जणांना देवनागरी वाचता येत नाही. मला वडिलांनी पट्टी हातात घेऊन शिकवली, म्हणून हे लिहू शकतो आहे.

मार्गळीचा महिना होता, म्हणजे आमच्याकडच्या थंडीचा. सकाळी आठ वाजता हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाण्याचं लिखाण सांभाळणारा हवालदार, ज्याला आम्ही रायटर म्हणतो, तो रजिस्टर उघडत होता. तेवढ्यात दारात छत्री टेकत सर उभे राहिले. सर म्हणजे आमच्याच समाजातले निवृत्त हेडमास्तर. सहावीत त्यांनी मला गणित शिकवलं होतं. माझा डावा कान उजव्यापेक्षा लांब आहे, तो त्याच वर्षापासून.

"उठू नकोस," सर म्हणाले, पण मी उठलोच होतो. "तक्रार लिहून घे. माझ्या उभ्या गाडीला ठोकून पळाला."

"कोण, सर?"

"शाळेचा व्हॅनवाला. दुसरा कोण? सव्वासातला तो आमच्या गल्लीतून जातो. मी साडेसातला देवळातून परत येतो, तर मागचं दार आत गेलेलं!"

"तुम्ही ठोकताना पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? दोन अधिक दोन किती?"

पन्नाशीला टेकलेला इन्स्पेक्टर मी, पण तोंडातून "चार, सर" निघून गेलं. रायटर रजिस्टरमध्ये तोंड घालून हसला.

असल्या किरकोळ बाबतीत आम्ही थेट गुन्हा नोंदवत नाही. सी.एस.आर. म्हणजे किरकोळ तक्रारींच्या रजिस्टरला नोंद करतो, तक्रारदाराला पावती देतो, दोघांना समोरासमोर बसवतो आणि नव्वद टक्के भांडणं चहावर मिटतात. पण सरांनी ठाण्यात येण्याआधीच शाळेला फोन केला होता. शाळेने व्हॅनवाल्याला बजावलं की, तीन वाजेपर्यंत 'चूक तुझी नाही' असं ठाण्यातून लेखी आण. नाहीतर किल्ली टेबलावर ठेव आणि घरी जा.

साडेआठला तो बिचारा धापा टाकत आला. पन्नाशीचा, कपाळावर विभूती, खाकी शर्ट इस्त्री केलेला. इकडे साहेबाला 'अय्या' म्हणतात. "अय्या, पंधरा वर्षं मुलांना नेतोय. गाडीला ओरखडा नाही. ठोकलं असतं तर दार वाजवून सांगितलं असतं. ही किल्ली गेली तर या वयात दुसरी कोण देणार मला?"

नोकरीत एक गोष्ट पक्की कळली होती. खोटं बोलणारा माणूस विचारल्याविचारल्या सविस्तर हकीकत सांगतो, वेळेसकट. खरं बोलणारा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. हा "दार वाजवून सांगितलं असतं" एवढंच म्हणत राहिला. सरांना पेपर दिला, त्याला बाकावर बसवलं आणि रायटरला घेऊन मी घटनास्थळी गेलो. तुमच्याकडे पंचनामा म्हणतात, आमच्याकडे त्याला महजर म्हणतात.

गल्ली अरुंद, घरांना ओटे. मार्गळीत प्रत्येक दारापुढे पहाटे मोठी रांगोळी असते. सरांच्या बायकोची, म्हणजे मामींची, गल्लीत सगळ्यांत मोठी. तांदळाच्या पिठाची, भोवती ओल्या गेरूचा काठ, मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल. तिच्या पलीकडे गाडी उभी.

व्हॅनचं रुंद चाक रांगोळीवरून नाकासमोर गेलं होतं. फूल चिरडलेलं, पिठाचा माग सरळ गल्लीच्या टोकापर्यंत. गाडीच्या दोन हातही जवळ गेलेला नव्हता.

"अय्या, व्हॅन सुटली," रायटर म्हणाला.

पण आणखी एक माग होता. अरुंद चाकाचा. तो सरळ आला होता आणि रांगोळीच्या अलीकडे एकदम वळला होता. तिच्या कडेकडेने पूर्ण वळसा घालून, गेरूच्या काठाला जेमतेम शिवून तो थेट सरांच्या गाडीच्या मागच्या दाराशी गेला होता. जमिनीवर गेरूची लाल रेघ उमटली होती. व्हॅनही त्याच गेरूवरून गेली होती, पण तिच्या मागात लाल रंग नव्हता. म्हणजे सव्वासातला गेरू वाळला होता. अरुंद चाक गेलं तेव्हा ओला होता. ठोकर झाली ती व्हॅनच्या बऱ्याच आधी.

मी तिथे उकिडवा बसलो. तंजावरच्या रांगोळ्यांवरून बस जाताना पाहिली आहे, वरातीचा घोडा पाहिला आहे, खुद्द माझी जीप गेली आहे. पायी माणूस बाजूने जातो. गाडी कधी जात नाही. मग हा कोण, की ज्याने रांगोळी वाचवायला दुसऱ्याची गाडी ठोकली?

कोपऱ्यावर फुलवाली गजरे ओवत होती. "अक्का, साडेसहाच्या सुमाराला कुठली लहान गाडी आली होती?"

"ड्रायव्हिंग स्कूलची. महिनाभर रोज येते. सर देवळाकडे वळले की इथे थांबते."

"शिकतं कोण?"

तिचा हात थांबला. "अय्या, त्या घरी माझा रोजचा गजरा जातो. मला बोलायला लावू नका. रांगोळी कोणी घातली तेवढं विचारा."

मी सरांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. मामी अडुसष्ट वर्षांच्या, अंगाने काडी. न विचारता फिल्टर कॉफीचा पेला पुढे आला.

"मामी, रांगोळी सुरेख आली होती आज."

"व्हॅननं पुसली की ती."

"व्हॅननं पुसली. पण त्याआधी कोणीतरी जपली."

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मी कॉफी पीत राहिलो. चौकशीत प्रश्नापेक्षा गप्प बसणं जास्त काम करतं. पेला संपायच्या आत मामी पाटावर बसल्या.

"मीच रे ती," त्या म्हणाल्या. आमच्या घरांतली मराठी तुम्हांला जुनी वाटेल, पण ती तशीच लिहितो. "कोपऱ्यापर्यंतच चालवतें रोज. आज गाडी शिकवणाऱ्या मास्तराला म्हटलें, एकदा माझ्या दारापर्यंत आणतें. वळलें तर पुढ्यात रांगोळी! तासभर वाकून घातलेली, तिच्यावर चाक कसं घालूं? फिरवलें स्टिअरिंग. आपलीच गाडी तिथं उभी आहे हें ध्यानातच नाही. मास्तरानं ब्रेक दाबला तोवर लागली होती. तो घाबरला, त्याला म्हटलें तूं जा, मी सांगतें घरांत."

मला हसू आवरेना. "मग सांगितलंत का नाही सरांना?"

मामी उठल्या, फळीवरचं पंचांग काढलं आणि त्यातून एक कागद माझ्या हातात दिला. डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. दोन महिन्यांपूर्वीची. उजव्या डोळ्याची नजर गेलेली, परत येणार नाही. डावा अधू. गाडी चालवू नये.

"एकादशी बघायला पंचांग उघडलें तर हें. मला कळलंय हें त्यांना माहीत नाही. पापनाशमला माझी बहीण अंथरुणावर आहे. दर महिन्याला तिच्याकडे हेच मला नेतात. दोन महिने नाही नेलं, गाडीचं काम आहे म्हणतात. गाडी सोडा म्हटलें तर खचतील रे ते. म्हणून म्हटलें, आधी मी शिकतें. मग म्हणेन, मला हौस आली, द्या किल्ली. म्हणजे त्यांनी सोडली असं व्हायला नको, मला दिली असं होईल."

मी चिठ्ठीची घडी करून परत दिली. पण बाकावर बसलेला माणूस विसरता येत नव्हता. "मामी, तीन वाजता व्हॅनवाल्याची नोकरी जाणार आहे."

त्यांना हे ठाऊकच नव्हतं. सर नेहमीसारखे ओरडत गेले आणि ठाण्यात गार होतील, एवढंच त्यांना वाटलं होतं. तोंड पांढरंफटक पडलं. मी म्हणालो, "घाबरू नका. माग बघून 'अज्ञात वाहन' लिहितो. तो सुटेल, तुमचं नाव येणार नाही."

"खोटं लिहिशील? सरकारी पुस्तकांत?" मामींचा आवाज चढला. "कागदावर सुटेल तो. गल्ली त्याच्याकडे बघायची तशीच बघेल. तूं हो पुढे. मास्तर दुपारी गाडी घेऊन येईल, तीनच्या आत मी येतें."

ठाण्यात सर पेपर वाचत होते. पेपर डाव्या डोळ्याला चिकटवून. सकाळी हे माझ्या नजरेतून कसं निसटलं होतं, देव जाणे.

अडीचला ड्रायव्हिंग स्कूलची लहान गाडी, पुढे लाल 'एल', गचके खात फाटकातून आली आणि माझ्या जीपला आडवी लागून बंद पडली. सर खिडकीशी गेले.

"कोण रे ही बाई? फाटकात लावतात का गाडी? अक्कल गहाण टाकली आहे!"

दहा पावलांवर त्यांची बायको उतरत होती, सकाळच्याच पिवळ्या साडीत. पन्नास वर्षांचा संसार, आणि सरांना ती ओळखू आली नव्हती. रायटरने मान खाली घातली. मीही.

मामी आत आल्या त्या आधी बाकाकडे गेल्या. हात जोडून तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही. मी ठोकली." मग सरांपुढे ती चिठ्ठी ठेवली. "आपलीच गाडी, मीच ठोकली. आणि हें मी वाचलंय."

सरांनी चिठ्ठी वाचली नाही. नुसता अंगठा तिच्यावरून फिरवला. मग मामींना विचारलं, "रिव्हर्स येतो का?"

"अजून नाही."

"मी शिकवीन. त्या मास्तराच्यानं होणार नाही."

मग ते व्हॅनवाल्यापुढे जाऊन उभे राहिले. ज्या माणसापुढे अर्धं तंजावर हाताची घडी घालून उभं राहिलं होतं, त्याने हात जोडले. "दोन अधिक दोन माझंच चुकलं, बाबा." शाळेला फोनही त्यांनीच केला, माझ्यासमोर. मी लेखी दिलं. तीनला व्हॅन शाळेच्या दारात होती.

"सर, गाडीची किल्ली टेबलावर ठेवा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हुकूम दिला. त्यांनी माझ्या कानाकडे हात नेला नाही, किल्ली ठेवली. मी ती मामींकडे सरकवली.

मामींना लायसन दुसऱ्या खेपेला मिळालं. पोचा सरांनी शेवटपर्यंत काढू दिला नाही. पुढच्या मार्गळीत त्या गल्लीतून गेलो, तर रांगोळी तेवढीच मोठी, पण भिंतीकडे हातभर सरकवलेली. आणि तिच्याशेजारी सर हात वर करून उभे, "डावीकडे, अगं डावीकडे!" दोघं पापनाशमला निघाली होती.

माणूस भीतीपोटी लपवतो, हावेपोटी लपवतो, हे आम्हांला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मायेपोटी लपवतो आणि त्यात तिसऱ्याचीच भाकरी जायची वेळ येते, हे त्या गल्लीत शिकलो. दोघांनी एकमेकांना जपण्यासाठी तोंड मिटलं होतं आणि बाकावर बसला होता तो व्हॅनवाला.

गेल्या महिन्यात माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मलाही तशीच एक चिठ्ठी दिली. घरी येईपर्यंत ती कुठल्या पुस्तकात ठेवावी याचाच विचार करत होतो, खोटं कशाला सांगू? मग सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोच्या हातात दिली. तिने दोनदा वाचली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "किल्ली कुठं आहे?"